खाशाबांना कर्ण म्हणण्याआधी

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा, १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या मल्लाचा, जन्मदिवस. आपल्याकडे तो आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. अशाच एका १५ जानेवारीला एका शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या रांगेत मीही होतो. खाशाबांच्या तसबिरीला झेंडूचा हार, कर्ण्यावर सनई आणि पुढे उन्हात मांडी घालून बसलेली पोरं. प्रमुख वक्ते रंगात आले होते. "खाशाबा म्हणजे कलियुगातला कर्ण!" असं म्हणून ते क्षणभर थांबले आणि हव्या तेवढ्या टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे वस्ताद बसले होते. कान मोडलेले, पटका मात्र नीट बांधलेला. त्यांनी टाळी वाजवली नाही. माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "कर्णाच्या गावानं वर्गणी काढल्याली व्हय वो?"

मला हसू आलं. पण परत येताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे.

खेळाडू दिसला की आपल्याला महाभारत आठवतं. यात सरकारही मागे नाही. १९६१पासून खेळाडूंना अर्जुन पुरस्कार, १९८५पासून प्रशिक्षकांना द्रोणाचार्य. खो-खोत एकलव्य पुरस्कार आहे. एकाच देशात द्रोणाचार्यांच्या नावाचाही पुरस्कार आणि एकलव्याच्या नावाचाही, हे जमवायला आपल्यासारखंच काळीज लागतं. प्रशिक्षकाच्या गौरवाला द्रोणांचं नाव सुचवलं गेलं तेव्हा त्या बैठकीत अंगठ्याची आठवण एकालाही झाली नसेल, असं मानणं मला जड जातं.

मराठी माणसाचं खरं प्रेम मात्र कर्णावर. १९६७ला 'मृत्युंजय' आली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या कर्णाच्या बाजूने रडत मोठ्या झाल्या. मीही त्यांतलाच. बढती हुकलेल्या प्रत्येक हेडक्लार्कच्या आत एक कर्ण असतो, आणि साहेबांचा भाचा हा त्याचा अर्जुन. 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्' ही ओळ तालमीच्या भिंतीवर, व्यायामशाळेच्या अहवालावर, निरोपसमारंभाच्या भाषणात कुठेही भेटते. 'महाभारतात कर्ण म्हणतो' असं सांगून ती ऐकवली जाते. ती महाभारतात नाही. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकातल्या कर्णाची ती ओळ आहे. आपण ज्या कर्णाच्या प्रेमात आहोत तो व्यासांनी घडवला, आणि नंतरच्यांनी त्याला नीट घासूनपुसून आपल्या देवघरात आणून ठेवला, एवढं यावरून लक्षात यावं.

खाशाबांना कर्ण म्हणण्याला माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. देवघरातल्या कर्णाचं सगळं दुःख नियतीच्या खात्यावर लिहिलेलं असतं. परशुरामांचा शाप, ब्राह्मणाचा शाप, जमिनीत रुतलेलं चाक, काढून नेलेली कवचकुंडलं. खेळाडूला कर्ण म्हटलं की त्याच्यावरचा अन्यायही त्याच खात्यावर जातो. माणसांनी केलेल्या गोष्टी दैवाने केल्या असं होऊन बसतं. कुणी यादी केली, कुणी नाव गाळलं, पैसे देण्याचं काम कुणाचं होतं, हे विचारायची गरज उरत नाही. डोळे पुसून आपण चहाला मोकळे.

गंमत अशी की मूळ महाभारत ही सवलत देत नाही. आदिपर्वातला रंगभूमीचा प्रसंग पुन्हा वाचून पाहा. कुरुकुमारांचं शिक्षण संपलेलं आहे, हस्तिनापुरात त्यांच्या विद्येचं जाहीर प्रदर्शन मांडलं आहे, प्रेक्षागारात राजघराण्यातल्या बायकाही येऊन बसल्या आहेत. अर्जुनाची करामत संपत आलेली असताना दाराशी शड्डू ठोकल्याचा आवाज होतो. व्यास तो आवाज वज्राच्या कडकडाटासारखा होता म्हणतात. कर्ण आत येतो, अर्जुनाने जे जे केलं ते ते करून दाखवतो आणि द्वंद्व मागतो. त्यावर कृपाचार्य उठतात. व्यासांनी त्यांना इथे एक खास विशेषण दिलं आहे: द्वंद्वयुद्धाच्या रीतिरिवाजांत कुशल. ते अर्जुनाची ओळख करून देतात, हा पृथेचा, म्हणजे कुंतीचा, धाकटा, पांडूचा पुत्र. मग कर्णाला म्हणतात, तूही आता आपली आई, बाप, कुळ सांग. राजपुत्र भलत्यासलत्याशी लढत नसतात. पावसाने भिजलेलं कमळ वाकावं तशी कर्णाची मान खाली जाते.

या प्रसंगात शाप कुठेच नाही. स्पर्धेचे नियम तोंडपाठ असलेला एक अधिकारी आहे, आणि ज्या नियमाने कर्ण बाहेर पडतो तो नियम बरोबर वेळेवर आठवण्याचं त्याचं कसब आहे. जिच्यापाशी कर्णाच्या जन्माचा दाखला आहे ती कुंती प्रेक्षकांत बसलेली आहे. तिला मूर्च्छा येते, विदुर तिला सावध करतो, आणि सावध झाल्यावरही ती तोंड उघडत नाही. दुर्योधन तिथल्या तिथे कर्णाला अंगदेशाचं राज्य देऊन नियमाची अट पुरी करतो. तेवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत, थरथरत, घामाघूम, उपरणं घसरलेलं अशा अवस्थेत रंगभूमीवर येतो. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओलं असलेलं मस्तक त्या सारथ्याच्या पायांशी नेतो. अधिरथ आपले पाय वस्त्राच्या टोकाने झाकून घेतो, राजाच्या मस्तकाला आपले पाय लागू नयेत म्हणून. ते पाहून भीम ओरडतो, अर्जुनाच्या हातून मरायची तुझी लायकी नाही, कुळाला शोभेल असा चाबूक धर. मग सूर्य मावळतो आणि सामना न होताच प्रेक्षक उठतात.

अपात्र ठरवण्याचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचं वाक्य, प्रत्येकाचं गप्प राहणं व्यासांनी नोंदवून ठेवलं आहे. चौकशी समितीला अहवाल कसा लिहावा हे शिकायचं असेल तर हा अध्याय द्यावा.

आता खाशाबा. कराडजवळचं गोळेश्वर, घरात कुस्ती, मग कोल्हापूरला राजाराम कॉलेज. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. लाल मातीत वाढलेला मल्ल गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. माती पायाला धरते, गादी धरत नाही. ज्याने दोन्हींवर पाय रोवून पाहिले आहेत त्यालाच या सहाव्या क्रमांकाची किंमत कळेल.

१९५२ला हेलसिंकीसाठी निवड व्हायची होती. मद्रासच्या स्पर्धेत त्यांना एक गुण कमी देऊन मागे टाकलं गेलं, त्यांनी तक्रार केली, थेट भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि ती त्यांनी जिंकली, अशी हकीकत सांगितली जाते. वक्ते हा भाग दोन वाक्यांत उरकतात. मला मात्र सगळ्या गोष्टीचा कणा इथेच दिसतो. कृपाचार्यांनी कुळ विचारल्यावर कर्ण मान खाली घालून उभा राहिला. खाशाबांनी अर्ज केला. हे गुण चुकीचे आहेत, पुन्हा लढवा, असं सांगणारा माणूस कर्णाच्या साच्यात बसत नाही. कर्णाच्या साच्यात मान वाकलेलीच छान दिसते.

निवड झाली, तरी जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बाकीचे कराड-गोळेश्वरच्या माणसांकडून, दुकानदारांकडून गोळा झाले. वस्तादांची वर्गणी ती हीच. कर्णालाही कुणीतरी उभं केलं, पण ते राजवाड्यातून, एका घोषणेत, अर्जुनाला शह देण्यासाठी. त्या मदतीची फेड कर्णाला आयुष्यभर जमली नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला सांगतो, तू पांडवांतला थोरला आहेस, राज्य तुझं आहे, चल. कर्ण नाही म्हणतो, कारण दुर्योधनाने त्याच्या भरवशावर युद्ध मांडलेलं आहे. याच संवादात तो कबूल करतो की पांडवांना जे कठोर बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि आज त्याचा मला पश्चात्ताप होतो. द्यूतसभेत द्रौपदीला त्याने काय म्हटलं आणि दुःशासनाला कोणती आज्ञा दिली हे इथे लिहायची गरज नाही, ज्याला माहीत नाही त्याने सभापर्व काढावं. प्रायोजकाची मर्जी राखायला माणूस किती खाली उतरतो, याचं यापेक्षा जुनं उदाहरण निदान मला माहीत नाही.

खाशाबा हेलसिंकीहून आले, मैदान भरवून कुस्त्या केल्या आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. काम तमाम. खाशाबांच्या खात्यावर ना वस्त्रहरण, ना कुणाचं कायमचं मिंधेपण. कर्ण म्हटल्याने त्यांची उंची वाढते असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन कर्जांची तुलना करून पाहावी.

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंत, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली, १९९६ला अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवलं. खाशाबांच्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेलं, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवने. या दोघांशी झालेल्या दोन्ही लढती खाशाबा हरले. पण दोन्हींच्या मध्ये काय झालं, ते तालमींतून पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. इशीबरोबरची लढत लांबली, खाशाबा दमलेले होते, आणि नियमाप्रमाणे मिळायला हवी ती विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या लढतीला बोलावलं. हा नियम दाखवून हरकत घ्यायला त्या क्षणी तिथे भारतीय पथकाचा कुणी माणूसच हजर नव्हता. रंगभूमीवर कृपाचार्यांना नियम आठवला होता. हेलसिंकीत नियम खाशाबांच्या बाजूचा होता आणि तो सांगायला तोंड नव्हतं.

गावाने कसं स्वागत केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: शंभरावर बैलगाड्या, कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक, थोड्या मिनिटांच्या वाटेला तासन् तास. नंतरचं आयुष्य पोलिसांत गेलं. १९५५ला उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ला अपघातात गेले. तोवर त्यांना पद्म पुरस्कार नव्हता, अर्जुनही नव्हता. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर आला, २००० सालचा. 'कर्णाला अर्जुन' हा मथळा इतका आयता आहे की तो सुचला की माणूस पुढे वाचतच नाही. पुरस्कार १९६१ला सुरू झाला तेव्हा खाशाबा निवृत्त होते, नियमात बसत नव्हते, असं कुणी म्हणेल. मग २००० साली, जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, ते नियमात कसे बसले? दरवर्षी समिती बसत होती, यादी निघत होती. त्या बैठकांना नियती येत नव्हती, माणसं येत होती.

यावर एक रास्त प्रश्न आहे. लोकांच्या तोंडी पुराणातली नावं येणारच. कीर्तनात वाढलेला समाज आहे हा. माणसाचा मोठेपणा सांगायला त्याला दुसरं माप माहीत नाही, आणि गोळेश्वरच्या म्हातारीने खाशाबांना कर्ण म्हटलं तर तिला आदिपर्व दाखवायला जाणारा मूर्खच. मान्य. माझं भांडण म्हातारीशी नाही. हारतुरे घेऊन व्यासपीठावर बसणाऱ्यांशी आहे. त्यांच्या तोंडी ही उपमा म्हणजे आपली सही दुसऱ्याच्या नावाने करण्याचा प्रकार वाटतो.

दैव हा शब्द खरोखर लागू पडतो अशीही माणसं आहेत. पद्माकर शिवलकर हे त्यांतले. डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, मुंबईचे, १९६१-६२पासून खेळत १९८७-८८पर्यंत पुरले. भारताकडून एकही कसोटी नाही. कारण एकच आणि ते उघड होतं: त्याच काळात, त्याच हाताने, तीच कला करणारे बिशनसिंग बेदी होते. दोघांना खेळवता आलं असतं का, यावर दादरच्या कुठल्याही कट्ट्यावर रात्र संपेल. पण बेदींच्या पिढीत जन्माला येणं हा काही निवड समितीचा गुन्हा नाही. शिवलकरांनी स्वतः 'हा चेंडू दैवगतीचा' हे गाणं गायलं होतं, रेडिओवर लागायचं. त्यांनी 'दैव' म्हणावं, तो त्यांचा हक्क होता. माणूस स्वतःच्या वाट्याला दैव म्हणतो तेव्हा तो ते सोसत असतो. दुसऱ्याच्या वाट्याला दैव म्हणणं फार सोपं असतं.

आणि अमोल मुजुमदार? प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारताची टोपी नाही. शालेय सामन्यात तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा. याहून कर्ण तो काय असायचा! त्याला आपण 'दुर्दैवी' म्हणत राहिलो, तो शिकवायला लागला, आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. कर्णपर्व सतराव्या दिवशी संपतं. खऱ्या माणसांना अठरावा दिवसही असतो, हे उपमा देणाऱ्यांच्या गावी नसतं.

पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ला विनेश फोगाटचं वजन ५० किलोंच्या वर १०० ग्रॅम भरलं आणि अंतिम फेरी गेली. त्या दिवशी माझ्या फोनवर रथाचं रुतलेलं चाक किमान सहा वेळा आलं, सोबत अभिमन्यूही होता. आदल्याच दिवशी तिने तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत अजिंक्य असलेल्या युई सुसाकीला हरवलं होतं, तेव्हा लोकांचा जीव तुटणं साहजिकच होतं. पण काटा सगळ्यांना सारखा होता आणि दोन दिवस वजन करण्याचा नियमही आधीपासूनचा. प्रश्न होते ते वेगळे. एरवी ५३ किलोंत लढणारी बाई ५० वर का आली, कुठल्या गटाची जागा कुणाला हे कधी आणि कसं ठरलं, उपांत्य फेरीनंतरच्या रात्री वजनाचा हिशेब कोण ठेवत होतं. चाक आलं आणि हे सगळे प्रश्न चिखलात गेले. कर्णपर्वात चाक रुतल्यावर कर्णही धर्माची आठवण देतो, आणि कृष्ण एकेक प्रसंग काढून विचारतो, तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? तिथेही चाकापाशी गोष्ट थांबत नाही, मागच्या नोंदी निघतात.

ग्रीकांच्या 'इलियड'मध्ये तर खेळांचा अख्खा सर्ग आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस स्पर्धा भरवतो. रथांच्या शर्यतीच्या बक्षिसावरून भांडण होतं, जो आक्षेप घेतो तो सगळ्यांसमोर घेतो आणि तिथेच निकाल लागतो. कुस्तीत अजॅक्स आणि ओडिसियस एकमेकांना चीत करू शकत नाहीत, तेव्हा अकिलीस उठून दोघांनाही विजयी ठरवतो. क्रोधासाठी बदनाम असलेला हा वीर संयोजक म्हणून हजर असतो, ऐकून घेतो, निर्णय देतो.

आपल्याकडे २०२५ला संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आणि त्यात खेळातल्या वादांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद आहे. ते कसं चालेल ते दिसेलच. एक मात्र नक्की, तिथे दाद मागायला जाणाऱ्या पोराला एक गुण कुठे कापला गेला ते सांगावं लागेल, कागद जोडावा लागेल. 'मी सूतपुत्र' एवढ्यावर अर्ज दाखल होत नाही. म्हणून शाळेतल्या पोरांना खाशाबा शिकवायचेच असतील तर मद्रासच्या गुणांपासून आणि त्या तक्रारीपासून शिकवावेत. मिरवणुकीच्या बैलगाड्या नंतर मोजता येतील.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात चहा झाला. वक्ते घाईत होते, त्यांना पुढे दुसऱ्या तालुक्यात भाषण होतं. वस्तादांनी कपबशी खाली ठेवली आणि त्यांना गाठलं.

"सायेब, त्या हेलसिंकीत आपली मानसं कुठं गेल्याली?"

वक्ते म्हणाले, "काका, नियती हो. दुसरं काय."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "पर तिचं तिकीट कुणी काढल्यालं?"

वक्त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी मागवली.